अंगावरून वारं गेलं, मग पुढे काय?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर भाव, वीज आणि कर्ज हे नेहमीचे विषय आहेत. त्यांच्या रांगेत माझा विषय काहींना आगंतुक वाटेल. विषय आहे पक्षाघाताचा, म्हणजे लकव्याचा. आपल्या बोलीत सांगायचे तर 'अंगावरून वारं गेलं' त्याचा. मी शेतकी पदवीधर आहे, डॉक्टर नाही. तरी हा विषय मी मागून घेतला, कारण आपल्या भागातल्या कुठल्याही गावात गेलो तरी ओसरीवर खाट टाकून पडलेला एक तरी माणूस दिसतो. एक हात छातीशी मुडपलेला, तोंड एका बाजूला ओढलेले, बोलायला गेला तर शब्द फुटत नाही. कालपर्यंत हाच माणूस रात्री दोनला मोटार चालू करायला विहिरीवर जात होता.

आता हिशेब करा. त्याचे दोन हात शेतीतून गेले. त्याला उठवायला, न्हाऊ घालायला, भरवायला घरातली एक बाई बांधली गेली. बहुतेक वेळा सून किंवा बायको. तिचेही दोन हात गेले. पहिल्या महिन्यात दवाखान्याचे बिल भागवायला एखादे जनावर विकले गेले. पुढच्या हंगामात पीककर्ज थकले. हे घर कर्जात का गेले, याची कारणे आपण दरवेळी बाजारात शोधतो. ती तिथे असतातच, पण काही घरांत ती खाटेवरही असतात.

हे शहरातल्या सुखवस्तू माणसांचे दुखणे आहे, हा समज आधी डोक्यातून काढा. गडचिरोली जिल्ह्यात सर्च या संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची दोन वर्षे नोंद ठेवली. त्याचा अहवाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्या गावांत मरणाचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात हे निघाले. दर सात मृत्यूंत एक. आणि पक्षाघाताने गेलेल्या दर दहांतली आठ-नऊ माणसे घरीच गेली. ही गडचिरोलीतली खेडी, दिल्ली-मुंबई नव्हे.

पाट तुंबला की पाट फुटला

मेंदूत घडते काय, ते आपल्या भाषेत सांगतो. विहिरीचे पाणी पाटाने वाफ्यावाफ्याला जाते. पाटात गाळ अडकला, तर पुढचे वाफे कोरडे पडतात. पाट फुटला, तर पाणी भलतीकडे जाऊन तिथले पीक सडते आणि पुढचे वाळते. मेंदूचेही तसेच आहे. रक्ताची गुठळी अडकली तर एक प्रकारचा झटका, रक्तवाहिनी फुटली तर दुसऱ्या प्रकारचा. गुठळीचे झटके जास्त, फुटल्याचे कमी. पण बाहेरून पाहून दोन्हींतला फरक मोठ्या डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी सी.टी. स्कॅन लागतो. गुठळीचे औषध रक्तस्राव झालेल्याला दिले तर तो दगावू शकतो. म्हणून खेड्यातल्या दवाखान्यात अंदाजाने सुई टोचून घेण्यात अर्थ नाही.

मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला की उजवे अंग जाते आणि बहुधा वाचाही जाते. उजव्या बाजूला आला की डावे अंग जाते.

ओळखायचे कसे? तीन गोष्टी पाहा. हसायला सांगा, तोंड वाकडे होते का. दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली पडतो का. एक साधे वाक्य बोलायला सांगा, जीभ अडखळते का. यातले एक जरी अचानक झाले, तरी घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन लावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन झटका सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितका गुण जास्त. उपचार न झालेल्या मोठ्या झटक्यात मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली एका अमेरिकन डॉक्टरने मांडला. तेव्हा सी.टी. स्कॅनची सोय असलेले आणि हे इंजेक्शन देणारे जवळचे रुग्णालय कोणते, हे झटका येण्याआधीच गावाला माहीत पाहिजे.

तोवर काय करायचे नाही, तेही सांगतो. तोंडात पाणी, दूध, गोळी काही घालू नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जाते. कांदा हुंगवणे, कबुतराचे रक्त चोळणे, अमक्या गावच्या औषधासाठी दोन दिवस वाट पाहणे, हे सगळे त्या साडेचार तासांतून वजा होते. आणि पाच-दहा मिनिटांत हात आपोआप हलायला लागला म्हणून निर्धास्त राहू नका. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असतो आणि लगेचचे काही दिवस सर्वांत धोक्याचे असतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

वाफसा आल्यावरच नांगर

समजा माणूस वाचला. आठ-दहा दिवसांनी घरी आणला. आता खरी कसोटी. आपल्याकडे इथे दोन टोके दिसतात. एक टोक म्हणजे 'आराम करू द्या', म्हणून सहा महिने खाटेवर ठेवणे. दुसरे टोक म्हणजे पहिल्याच दिवशी दोघांनी काखेत धरून चालवायला लागणे.

पाच देशांतल्या दोन हजारांवर रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली आले. झटक्यानंतर पहिल्या २४ तासांतच वारंवार आणि जास्त वेळ उठवून हालचाल करवलेल्यांना उलट कमी गुण आला. शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. रानात पाणी साचलेले असताना नांगर घातला तर ढेकळे निघतात, आणि वाफसा निघून गेल्यावर घातला तर फाळ आत जात नाही. हा वाफसा कधी आला, ते रुग्णालयातल्या डॉक्टरने सांगायचे असते. पण एकदा आला की दवडायचा नाही. अंग सुधारण्याचा सर्वांत जास्त वेग पहिल्या तीन महिन्यांत असतो. त्यानंतरही सुधारणा होते, पण हळूहळू.

सुधारणा होते म्हणजे काय होते? मेलेल्या चेतापेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. शेजारच्या आणि दुसऱ्या बाजूच्या पेशी ते काम शिकून घेतात. आणि शिकतात त्या एकाच मार्गाने: तेच काम पुन्हा पुन्हा करून. ताकदीचे सलाईन लावून हात शिकत नाही. तेल चोळल्याने बरे वाटते, पण चोळणारा दुसरा असतो. मेंदूला काम पडत नाही. खाटेवरून उठून उभे राहणे, पुन्हा बसणे, तांब्या उचलणे, पोळीचा तुकडा मोडणे, सदऱ्याचे बटण लावणे, ही कामे रोग्याने स्वतः करायची. आपण मदत करायची ती अडेल तेवढीच.

रांगते पोर काय शिकवते

आता थोडे लहान बाळांविषयी बोलतो. मायबहिणी हसतील, पण या विषयात आपला खरा गुरू तेच आहे.

बाळ चालायला कसे शिकते, हे अमेरिकेतल्या काही संशोधकांनी मोजले आणि २०१२ साली छापले. बारा ते एकोणीस महिन्यांची मुले मोकळी सोडली तर तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात. पडले की उठते, पुन्हा निघते. कुणी त्याला 'आज दहा पावले झाली, बस कर' म्हणत नाही.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. अमेरिका आणि कॅनडात पक्षाघाताच्या रोग्यांना व्यायाम देण्याच्या वेळी प्रत्यक्ष किती हालचाली होतात, हे २००९ साली मोजले गेले. हाताने कामाची हालचाल एका बैठकीत सरासरी ३२ वेळा, आणि पावले ३५७. हे तिथल्या सुसज्ज केंद्रांचे आकडे आहेत. आपल्या खाटेवरच्या माणसाची पावले किती होत असतील, याचा अंदाज तुम्हीच करा. नव्याने चालायला शिकणाऱ्या दोघांपैकी एकाला आपण अंगण देतो आणि दुसऱ्याला खाट.

फरक एकच लक्षात ठेवायचा. पोर हातभर उंचीवरून पडते. म्हातारा पडला तर त्याचे खुब्याचे हाड मोडते. म्हणून त्याला कोणीतरी लंगड्या बाजूला उभे राहून सांभाळावे लागते. दुबळा हात धरून ओढू नका आणि काखेत हात घालून उचलू नका. खांदा निखळतो आणि त्या दुखण्याने पुढचा व्यायाम बंद पडतो.

हाताचीही अशीच गोष्ट. रोगी सगळे काम चांगल्या हाताने उरकतो, म्हणून दुबळा हात कधी शिकतच नाही. यावर तज्ज्ञांनी काढलेला उपाय साधा आहे. चांगल्या हातावर जाड मोजा चढवायचा आणि दुबळ्या हातालाच काम करायला लावायचे. २२२ रोग्यांवर केलेल्या अमेरिकन अभ्यासात दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक सगळा वेळ असा मोजा घातला आणि रोज काही तास सराव करून घेतला. २००६ साली निष्कर्ष आले: हात नक्की सुधारला. अट एवढीच, की दुबळ्या हाताचे मनगट आणि बोटे थोडी तरी वर उचलता आली पाहिजेत. मुळीच हलत नसलेल्या हाताला ही पद्धत चालत नाही. आणि चालताना तोल जाणाऱ्याचा चांगला हात बांधला तर तो पडेल. म्हणजे उपाय स्वस्त आहे, पण तो कुणाला द्यायचा हे पाहणारा जाणकार लागतो.

वाचा गेलेल्याशी बोलणे बंद करू नका. पुष्कळदा त्याला आपले सगळे समजत असते, शब्द तेवढा सापडत नाही. 'हो-नाही'त उत्तर देता येईल असे विचारा आणि त्याला वेळ द्या. बोलता न येणारा माणूस कधीकधी पाठ असलेला अभंग म्हणू शकतो. गाण्याच्या चालीवर शब्द परत आणण्याची रीत वाचा-उपचारात १९७० च्या दशकापासून आहे. आणि साधारण तीनांतला एक रोगी झटक्यानंतर मनाने खचतो. 'आळशी झाला, व्यायाम करत नाही' म्हणून त्याला बोल लावण्याआधी डॉक्टरला दाखवा. त्यावर उपचार आहेत.

यंत्र नको, माणूस हवा

या भाषणातला मुख्य मुद्दा आता येतो.

पक्षाघाताच्या व्यायामासाठी लाखोंची यंत्रे बाजारात आहेत. पट्ट्याने वर टांगून धावत्या पट्टीवर चालवणारे एक यंत्र आहे. अमेरिकेत ४०८ रोग्यांवर त्याची परीक्षा झाली. काहींना यंत्रावर चालवले. काहींच्या घरी फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायामोपचार शिकलेला माणूस, जाऊन ताकदीचा आणि तोल सांभाळण्याचा व्यायाम करून घेत होता. २०११ साली निकाल लागला. वर्षअखेर दोन्हींत फरक नव्हता. निम्म्याहून थोडे जास्त रोगी आधीपेक्षा चांगले चालू लागले होते. म्हणजे यंत्र नसल्याने आपले काही अडत नाही.

आता दुसरी परीक्षा, आपल्या देशातली. १४ रुग्णालये, १,२५० रोगी. विचार असा, की फिजिओथेरपिस्ट कमी आहेत, तर घरच्याच माणसाला रुग्णालयात थोडे शिकवून पाठवावे आणि व्यायाम त्याने करून घ्यावा. २०१७ साली निकाल आला. सहा महिन्यांनी पाहिले तर ज्यांच्या घरच्यांना शिकवले होते आणि ज्यांच्या घरच्यांना शिकवले नव्हते, त्यांत फरक पडला नव्हता.

भावांनो, या दोन निकालांचा एकत्र अर्थ काय? घरची माणसे कमी पडतात असा अर्थ मी लावत नाही. सकाळी धारा, दिवसभर खुरपणी, संध्याकाळी चूल, आणि मध्ये सासऱ्याचा व्यायाम. त्या सुनेने तो किती वेळ आणि कुणाला विचारून करून घ्यायचा? दोन दिवसांचे शिक्षण देऊन सगळे ओझे तिच्यावर टाकायचे, ही सोय व्यवस्थेची आहे, रोग्याची नाही. शेतीत आपण हेच अनुभवले आहे. चोपडे वाटून वाण पिकत नाही. पिकाच्या अवस्थेप्रमाणे शिवारात येऊन पाहणारा जाणकार लागतो. इथेही दर आठवड्याला घरी येऊन पाहणारा, पुढची पायरी सांगणारा शिकलेला माणूस हवा. त्याच्या जोडीला घरच्यांचे कष्ट फळाला येतील.

आणि हे मी हवेतले मागत नाही. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम केंद्र सरकारने २०१०-११ साली सुरू केला. त्याच्या मार्गदर्शक सूचनांत ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर पुनर्वसन कार्यकर्ता नेमण्याची आणि त्याने अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी जाण्याची तरतूद आहे. कागदावरचा हा माणूस आपल्या तालुक्यात आहे का, हा प्रश्न आपण विचारायचा आहे.

बाळालाही झटका येतो

बाळांचा विषय निघाला आहे तर आणखी एक गोष्ट. पक्षाघात म्हाताऱ्यांनाच होतो असे नाही. काही हजार जन्मांमागे एखाद्या बाळाला जन्माच्या सुमारास मेंदूचा झटका येतो. काहींना पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येते. काहींचे तेव्हा काहीच दिसत नाही; चार-सहा महिन्यांनी आईच्या लक्षात येते, की बाळ खुळखुळा एकाच हाताने घेते आणि दुसऱ्या हाताची मूठ मिटलेलीच असते.

आपण म्हणतो, डावखुरा निघणार. पण वर्षाच्या आत निरोगी बाळ डावे-उजवे करत नाही, दोन्ही हात सारखे वापरते. एकच हात वापरत असेल तर ती तपासणीची गोष्ट आहे. अंगणवाडीत तपासायला येणाऱ्या वैद्यकीय पथकाला दाखवा, नाहीतर थेट जिल्हा रुग्णालयात न्या. अशा बाळावरही दुबळ्या हाताला कामाला लावण्याचाच उपचार होतो, खेळाच्या रूपाने. यातली बहुतेक मुले चालू लागतात. मात्र 'मोठेपणी सुधारेल' म्हणून वाट पाहण्यात शिकण्याचा सर्वांत चांगला काळ निघून जातो. आणि यात आईचा काही दोष नसतो, हे घरातल्या मोठ्यांनी नीट ऐकून घ्यावे.

झटका येऊच नये म्हणून

३२ देशांतल्या सुमारे २७ हजार माणसांच्या अभ्यासात, २०१६ साली, असे दिसले की दहांतल्या नऊ झटक्यांमागे दहाच कारणे आहेत: वाढलेला रक्तदाब, तंबाखू ओढणे, मधुमेह, दारू, पोटाचा घेर, रक्तातली चरबी, आहार, अंगमेहनतीचा अभाव, मनावरचा ताण आणि हृदयाचे विकार. यातला एकटा रक्तदाब जवळपास निम्म्या झटक्यांना कारणीभूत. रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कुणी मोजत नाही. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० यापुढे वारंवार राहिला की उपचार हवा. गोळी सुरू झाली की बरे वाटले म्हणून बंद करायची नाही. बाळंतपणात जिचा रक्तदाब वाढला होता, त्या बाईने पुढे दरवर्षी तो तपासावा. तंबाखू चघळणे आणि मिश्री लावणे निरुपद्रवी आहे, ही समजूतही सोडा.

मिठाचे एक उदाहरण देतो. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार माणसांवर पाच वर्षे प्रयोग झाला. आधी झटका येऊन गेलेली किंवा साठी उलटलेली आणि रक्तदाब असलेली ही माणसे. निम्म्या खेड्यांना नेहमीचे मीठ, निम्म्यांना एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ. २०२१ साली निकाल आला: दुसऱ्या गटात झटके १४ टक्क्यांनी कमी. पोटॅशियम क्लोराइड म्हणजे आपल्या ओळखीचे म्युरेट ऑफ पोटॅशच. पण खताच्या गोणीतले कुणी तोंडाला लावू नका. खाण्याचे शुद्ध केलेले मीठ दुकानात कमी सोडियमचे म्हणून वेगळे मिळते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, आणि रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनीही, ते डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. ते जमले नाही तर निदान पापड, लोणचे आणि पानात वरून घेतलेले मीठ कमी करा.

गावशाखेने काय करायचे

भाषण ऐकून घरी जायचे, ही आपली रीत नाही. चार कामे सांगतो.

एक. प्रत्येक गावशाखेने रक्तदाब मोजायचे यंत्र घ्यावे. महिन्याच्या बैठकीत तिशी उलटलेल्या प्रत्येकाचा, बायांचाही, रक्तदाब मोजून वहीत लिहावा. ज्याचा जास्त निघेल त्याला त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

दोन. सी.टी. स्कॅन आणि गुठळीचे इंजेक्शन असलेल्या जवळच्या रुग्णालयाचे नाव आणि १०८ हा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रंगवून घ्यावा. जाण्याआधी ती सोय रात्रीही चालू असते का, हे स्वतः विचारून यावे.

तीन. गावात अंथरुणावर असलेल्यांची यादी करावी: नाव, झटक्याचा महिना, फिजिओथेरपिस्टने एकदा तरी पाहिले का. ती यादी घेऊन तालुक्यातल्या शाखांनी मिळून ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांना लेखी विचारावे, की घरी जाणारा पुनर्वसन कार्यकर्ता नेमला आहे का, नसेल तर कधी नेमणार. उत्तर लेखीच घ्यावे. पुढच्या जिल्हा बैठकीत तालुकावार उत्तरे वाचली जातील.

चार. ज्या घरात असा रोगी आहे, त्या घरच्या बाईला आठवड्यातून दोन वेळा तासभर तरी मोकळे करावे. तेवढा वेळ गावातल्या एखाद्या तरुणाने रोग्याला अंगणात चालवावे. याला निधी लागत नाही.

ओसरीवरच्या त्या माणसाकडे बघायची आपली नजर बदलली पाहिजे. त्याचे संपले, असे आपण धरून चालतो, म्हणून त्याचे संपते. यादी पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत तालुका कार्यालयात द्यावी.